एक्सरेत 'मानेचा बाक गेला' असं लिहून आलंय. आता काय?

दारव्हेकर
नमस्कार मंडळी. आईचं वय ५२. घरची कोरडवाहू शेती, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. दिवाळीनंतर वेचणी लागली तेव्हापासून तिची मान धरून आहे. डाव्या खांद्यापर्यंत ओढ लागते. सकाळी उठली की मान वळत नाही, दुपारपर्यंत जराशी मोकळी होते. तालुक्याला दाखवलं. एक्सरे झाला, गोळ्या मिळाल्या, मानेचा पट्टा मिळाला. रिपोर्टवर 'लॉस ऑफ सर्व्हायकल लॉर्डोसिस' लिहिलंय, म्हणजे मानेचा नैसर्गिक बाक जाऊन मान सरळ झाली, असं कंपाउंडरने सांगितलं. त्याखाली 'मसल स्पाझम' आणि मणक्यांची थोडी झीज.

तेव्हापासून घरात रोज नवीन निदान सुरू आहे. मामा म्हणतात मणका सरकला. शेजारची काकू म्हणते गॅप पडली, ऑपरेशनशिवाय जमत नाही. बाजूच्या गावात एक जण मान झटक्याने बसवून देतो म्हणे. आई तर रिपोर्ट ऐकल्यापासून मान हलवायलाच भिते.

बाक परत येतो का? पट्टा किती दिवस लावायचा? उशी घ्यायची की काढून टाकायची? आणि अजून दोन वेचे बाकी आहेत, त्याचं काय करू?

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, आमच्या बुढीनं सारी जिंदगी डोक्यावर मोळ्या आनल्या, चाऱ्याचे भारे आनले. अजूनही मान अशी ताठ का सरपंचाची बी नसन. तिचा एक्सरे कोनी काढलाच नाई, मंग बाक हाय का गेला हे कोनाले मालूम? तिळाचं तेल कोमट करून लावा अन तो रिपोर्ट माळ्यावर टाका.

मणकामैत्रीण
मी वर्धा जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ठेचा भाऊंचं म्हणणं वाटतं तितकं चुकीचं नाही, पण रिपोर्ट माळ्यावर टाकायच्या आधी आईला काही गोष्टी विचारून इथे लिहा.

ब्लाउजचे हूक लावताना, सुईत दोरा ओवताना, भाकर थापताना हात पूर्वीसारखे चालतात का, की वस्तू हातून सुटतात? चालताना पाय जड, ताठ वाटतात का, तोल जातो का? लघवी-संडासवर ताबा आहे ना? हातात मुंग्या येतात का, येत असतील तर कोणत्या बोटांत आणि केव्हा? ताप, वजन उतरणं, पूर्वी कधी कॅन्सरवर उपचार, किंवा एवढ्यात बैलगाडीवरून, गाडीवरून पडणं, असं काही?

यातलं पहिलं-दुसरं-तिसरं काही असेल तर इथे चर्चा करत बसू नका. मानेत मज्जारज्जूवर दाब येत असला की हातांची कारागिरी आणि चाल आधी बिघडते, आणि गंमत म्हणजे अशा माणसाची मान फारशी दुखतही नसते. तेव्हा मात्र सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल, जे जवळ पडेल तिथे जाऊन एमआरआयचं विचारायचं.

दारव्हेकर
विचारलं ताई. हात-पाय ठीक. भाकरी नेहमीसारख्या. पडली नाही. मुंग्या येतात पण रात्रीच्या, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बाजूच्या दोन बोटांत. हात झटकला की बरं वाटतं म्हणते. दुखणं डाव्या बाजूला आणि मुंग्या उजव्या हातात, हे कसं?

मणकामैत्रीण
चांगली माहिती आणलीत. रात्री येणाऱ्या, हात झटकल्यावर जाणाऱ्या त्या तीन बोटांतल्या मुंग्या बहुतेक वेळा मानेच्या नसतात, मनगटाच्या असतात. मनगटात एक नस अरुंद बोगद्यातून जाते, ती दबते. दिवसभर बोंडातून कापूस ओढणाऱ्या, संध्याकाळी विळ्यावर बसणाऱ्या बायकांमध्ये मी हे पुष्कळ पाहते. पुढच्या वेळी डॉक्टरांना मनगटही दाखवा. शुगर आणि थायरॉइडही तपासून घ्या, दोन्हींत असं होतं.

आता बाक. मान म्हणजे ७ मणके. बाजूने पाहिलं तर ते पुढच्या बाजूला फुगवटा येईल असे वळलेले असतात. छातीचे १२ मणके उलट, पाठीकडे वळलेले. कमरेचे ५ पुन्हा पुढे. पोटातून येताना बाळाची पाठ जवळजवळ एकाच बाजूला वळलेली असते. साधारण तीन-चार महिन्यांचं होऊन पालथं पडल्यावर डोकं उचलू लागतं तसा मानेचा बाक पक्का होत जातो. पुढे बसू-चालू लागलं की कमरेचा. या उलटसुलट वळणांमुळे ४.५ ते ५ किलोचं डोकं कमीत कमी ताकदीत धडावर तोललं जातं आणि मणक्यांमधल्या गाद्यांवर भार वाटला जातो.

पुस्तकात हा बाक दुसऱ्या ते सातव्या मणक्यापर्यंत मोजून २० ते ४० अंश सांगतात. पण ज्यांची मान कधीच दुखली नाही अशा धडधाकट माणसांचे एक्सरे काढले तरी कित्येकांची मान सरळ निघते, काहींची तर किंचित उलट वळलेलीही निघते. मानेचा बाक छातीच्या वरच्या भागाच्या उतारावर अवलंबून असतो, म्हणून प्रत्येकाचा आपापला. आईच्या रिपोर्टमध्ये 'स्पाझम' लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे. स्नायू आखडले की मान सरळ होते. आखडणं गेलं की बाक पुष्कळदा आपोआप दिसू लागतो, आणि नाही दिसला तरी दुखणं थांबू शकतं. मणका सरकणं ही वेगळी गोष्ट, ती रिपोर्टमध्ये वेगळी लिहून येते. आणि ५२ व्या वर्षी थोडी झीज नसती तर मला नवल वाटलं असतं.

क्षकिरण
मी एक्सरे विभागात काम करतो, एक आतली गोष्ट सांगतो. पेशंटने हनुवटी जरा खाली घेतली की फोटोत बाक कमी दिसतो. उभं राहून काढला आणि झोपून काढला तर फरक पडतो. मान दुखत असलेला माणूस तर मशीनसमोर आधीच अंग चोरून उभा असतो. आम्ही 'खांदे सोडा, समोर बघा' सांगतो, पण बाहेर रांग असली की किती वेळ सांगणार? त्यामुळे एका फोटोवरून आयुष्याचा निकाल लावू नये. जुना फोटो असेल तर मात्र जपून ठेवा, तुलनेला कामी येतो.

मास्तर_आर्णी
शाळेच्या ग्रुपवर एक चित्र फिरत आहे. मान १५ अंश वाकवली तर १२ किलो, ३० ला १८, ४५ ला २२ आणि मोबाईल पाहताना ६० अंश वाकवली तर २७ किलो भार मानेवर येतो म्हणे. आमच्या नववीच्या पोरांना दाखवलं, दोन दिवस सगळे ताठ बसले. हे खरं आहे का?

मणकामैत्रीण
सर, आकडे हवेतले नाहीत. अमेरिकेतल्या एका मणक्याच्या सर्जनने ते २०१४ साली छापले. पण ते जिवंत माणसाच्या मानेत मोजलेले नाहीत, संगणकावर मॉडेल करून काढलेले आहेत. डोकं पुढे गेलं की मागच्या स्नायूंना जास्त ओढावं लागतं, एवढं बरोबर. वाकल्याने मान 'खराब' होते हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. मान वाकायलाच बनली आहे. तासभर एकाच कोनात अडकून राहणं तिला सोसत नाही. पोरांना ताठ बसवू नका सर, मधून मधून उठवा. दोन तासांच्या मध्ये फळा पुसायला एकाऐवजी पाच जण पाठवलेत तरी चालेल.

वऱ्हाडी_ठेचा
मंग ताई, डोक्शावर ओझं नेल्यानं मान खराब होते का नाई ते एकदाचं सांगा. आमच्या गावात तं बायाइचं अर्धं काम डोक्शावरच चालते. पानी, भारा, गठोडं, गिट्टी.

मणकामैत्रीण
होते आणि होत नाही, असं उत्तर देते, रागावू नका.

डोक्यावर ओझं असताना बाई डोकं पुढे काढूच शकत नाही, नाहीतर ओझं पडेल. मान धडाच्या बरोबर वर राहते, तोल सांभाळणारे बारीक स्नायू काम करतात. लहानपणापासून हंडा-घागर नेलेल्या बायकांची चाल बघा, कळेल. पण मणक्यांमधल्या गाद्यांवर वरून दाब येतोच. वर्षानुवर्षं जड ओझी वाहणाऱ्या हमालांच्या मानेत झीज जास्त आणि लवकर आढळते, हे पाहणीत दिसलेलं आहे. तेव्हा प्रश्न वजनाचा, सवयीचा आणि ओझं वर चढवण्या-उतरवण्याचा आहे. एकटीने झटका देऊन गठोडं डोक्यावर घेणं हा सगळ्यात वाईट क्षण. मान धरल्याची निम्मी गाऱ्हाणी मी तिथूनच सुरू झालेली ऐकते.

म्हणून दारव्हेकर दादा, उरलेल्या वेच्यांचं असं करा. दुखणं कमी होईपर्यंत गठोडं आईच्या डोक्यावर नको, बैलगाडीत किंवा गाडीवर टाका. वेचणी पूर्ण बंद करायची गरज नाही. पण कमरेची ओटी गच्च भरेपर्यंत वाट न पाहता अर्धी झाली की रिकामी करायची. जाऊन यायचं तेवढंच मान-पाठ सरळ होतं. पुढे डोक्यावर घेईल तेव्हा अर्ध्या वजनापासून सुरुवात, चुंबळ जाड आणि सपाट, आणि उचलून द्यायला दुसरी बाई हवीच.

पट्टा फार तर दुखणं जोरात आहे तेवढे थोडे दिवस, तोही सतत नाही. प्रवासात, एसटीत बसताना लावा. महिनोन् महिने लावला तर स्नायू आळशी होतात आणि पट्टा काढला की मान पेलवत नाही.

दारव्हेकर
आणि ते झटक्याने बसवून देणारे?

मणकामैत्रीण
नको. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी छिद्रं असतात, त्यांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर जातात. जोराच्या पिळाने धमनीच्या आतला पापुद्रा फाटू शकतो, तिथे गुठळी होते आणि अर्धांगाचा झटका येऊ शकतो. क्वचित होतं, पण जिच्या घरात होतं तिला क्वचित म्हणून काय उपयोग? दाढी झाल्यावर 'कडक' करून मान मोडून घेणाऱ्या मंडळींनीही हे वाचावं. डोक्याची मालिश खुशाल करून घ्या. मान मोडायला नकार द्या.

वऱ्हाडी_ठेचा
आता सलूनमंदी जाऊ का नको जाऊ! मी तं दर खेपेले मोडून घेतो. त्यानं नाई मोडली तं पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाई.

बरं, अजून एक. पंप पाठीवर घेऊन फवारलं का मले मान जखडते अन डोकं गरगरते. तेबी मानेचंच का?

मणकामैत्रीण
मान जखडणं पंपाचं. १६ लिटरचा पंप भरला की २० किलोच्या आसपास जातो, पट्टे खांद्यात रुततात, डोकं पुढे जातं. पट्टे रुंद करून घ्या, पंप पाठीला चिकटून बसेल इतके आवळा, पूर्ण भरू नका.

पण भाऊ, गरगरणं मानेवर ढकलू नका. फवारताना किंवा नंतर चक्कर, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांना अंधुक, छातीत भरून येणं, यातलं काही झालं तर ते विषबाधेचं लक्षण धरायचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून शेतकरी-मजूर दगावले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ताबडतोब वावरातून बाहेर या, कपडे बदला, साबणाने अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा. वाऱ्याच्या उलट दिशेने कधी फवारू नका. मान नंतर पाहू.

वऱ्हाडी_ठेचा
डबा सोबत न्यायचं नव्हतं मालूम. सांगतो बाकीच्याइले.

शिलाईताई
मी घरी मशीन चालवते, लग्नसराईत रात्री अकरापर्यंत. माझी मान पाठीमागून, केस सुरू होतात तिथे, सतत ठणकते. उशी बदलून पाहिली, तेल झालं, पट्टा झाला.

मणकामैत्रीण
ताई, वय चाळिशीच्या पुढे असेल तर आधी डोळे तपासा. जवळचं दिसेनासं झालं की माणूस नकळत डोकं पुढे काढतो आणि मान वर उचलून सुईकडे बघतो. डोकं पुढे आणि हनुवटी वर अशी ती स्थिती, डोक्याच्या बुडाचे छोटे स्नायू त्यात पिळून निघतात. चष्मा असेल पण एकाच काचेत वर दूरचं, खाली जवळचं अशा दोन भिंगांचा असेल, तर खालच्या भिंगातून पाहायला पुन्हा हनुवटी वरच. शिवणाला फक्त जवळच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. दिवा मशीनच्या बाजूला, कामावर पडेल असा. स्टूल मशीनला सरकवून घ्या.

शिलाईताई
चष्मा आहे, पण तो दूरचा! जवळचा करायचं कित्येक वर्षं राहून गेलंय.

ट्रॅक्टरवाला
आमचं उलट हो ताई. रोटाव्हेटर मारताना दिवसभर मागं पाहावं लागते, उजवीकडूनच. डावीकडं मान जातच नाही आता.

मणकामैत्रीण
एकाच बाजूने पाहायची सवय मोडा, प्रत्येक तासाच्या शेवटी बाजू बदला. एकटी मान वळवू नका, एक हात सीटच्या मागे टाकून छातीसकट वळा. मागचं अवजार दिसेल असा मोठा आरसा बसवला तर सगळ्यात बरं.

दारव्हेकर
व्यायाम लिहा ना ताई. इथे फिजिओ नाही, जायचं म्हटलं तर पूर्ण दिवसाची मजुरी बुडते.

मणकामैत्रीण
लिहिते. आधी एक सांगते म्हणजे आईचा विश्वास बसेल. फिनलंडमध्ये मान दुखणाऱ्या १८० ऑफिसातल्या बायकांवर वर्षभर एक अभ्यास झाला, २००३ साली छापून आला. ज्यांनी मान आणि खांद्यांची ताकद वाढवणारे व्यायाम केले त्यांचं दुखणं, नुसतं ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त कमी झालं. तेव्हा मानेला जपून जपून हलवायचं नाही, तिला हळूहळू कामाला लावायचं.

पहिले काही दिवस फक्त हालचाल. शेक घेऊन झाल्यावर मान हळू उजवीकडे, डावीकडे, वर, खाली, दुखेल तिथे थांबून परत. ताण जाणवला तर चालेल. हातात वीज गेल्यासारखी कळ गेली तर तो व्यायाम सोडा.

मग भिंतीला पाठ लावून बसायचं. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे न्यायची, गळ्याखाली दुहेरी हनुवटी पडेल अशी. डोकं खाली झुकवायचं नाही. मनात पाच मोजून सोडायचं, असं आठ-दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. त्यानंतर तळहात कपाळावर ठेवून डोक्याने हाताला दाबायचं, पण मान हलू द्यायची नाही. तसंच मागून आणि दोन्ही कानांवरून. सुरुवातीला अगदी हलक्या जोराने.

तिसरा भाग लोक वगळतात आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा: पाठ. छातीची पाठ पोक काढून राहिली तर वरची मान काहीही करून नीट बसत नाही. चादरीची जाड गुंडाळी करून जमिनीवर आडवी ठेवायची, खांद्यांच्या फऱ्यांखाली येईल अशी तिच्यावर उताणं पडायचं, डोक्याखाली हात. दोन-तीन मिनिटं. आणि उभं राहून दोन्ही फरे मागे जवळ आणून सोडायचे, वेचणीच्या तासाला एकदा पऱ्हाटीतच.

उशीचं सोपं आहे. उताणं झोपत असेल तर पातळ, कुशीवर झोपत असेल तर खांद्याच्या रुंदीइतकी जाड, म्हणजे नाक छातीच्या मध्याशी एका रेषेत राहील. पोटावर झोपू नका, रात्रभर मान एका बाजूला पिळलेली राहते. सुताची बाज मध्ये खोल गेली असेल तर आधी ती आवळून घ्या. बाजारात वळणदार उश्या मिळतात, काहींना मानवतात. जुन्या लुगड्याच्या घड्या घातलेली उशी बऱ्याचदा तेवढंच काम करते. झोपेतून बाक 'तयार' करण्याच्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही.

बहुतेकांना काही आठवड्यांत फरक पडतो. दीड महिन्यात काहीच फरक नाही, किंवा हाताची ताकद कमी वाटली, तर माझ्याकडे नका येऊ, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आणि डावा हात-खांदा चालताना, जिना चढताना दुखत असेल, सोबत घाम-धाप असेल, तर ईसीजी आधी.

दारव्हेकर
चालताना दुखत नाही, वाकून काम केलं की दुखतं. आईला फोन वाचून दाखवला. मणका सरकला नाही हे ऐकल्यावर तिने आधी पट्टा काढला, मग मामांना फोन लावला. मनगटाचं सोमवारी दाखवतो.

धामणगावची_लेक
धाग्याला सोडून विचारते, माफ करा. ताईंनी बाळाचं लिहिलं म्हणून. माझी मुलगी पाच महिन्यांची झाली, पण उचलली की मान अजून मागे पडते. सासूबाई म्हणतात उशिरा धरेल, डोकं गोल यावं म्हणून राईची उशी ठेवतात, आणि पालथी घालू देत नाहीत. तिच्या मानेचा बाक बिघडेल का?

मणकामैत्रीण
बाकाचा विचार सध्या सोडा. बहुतेक बाळं चार महिन्यांपर्यंत मान धरतात. पाच महिन्यांत मान मागे पडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. बाळ वेळेआधी जन्मलेलं होतं का, जन्मल्यावर लगेच रडलं का, नजर ठरते का, हात-पाय फार सैल किंवा फार ताठ आहेत का, हे ते विचारतील, आठवून जा. पुष्कळदा काही निघत नाही, पण निघालं तर आत्ता सुरू केलेल्या व्यायामाचा फायदा वर्षभरानंतरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

जागी आणि खेळती असताना, तुमच्या समोर, दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पालथी घाला. तुमच्या मांडीवर घातली तरी चालते. झोपवायची मात्र उताणीच, आणि उशीशिवाय, राईचीही नाही. सासूबाईंना डॉक्टरांकडे सोबतच न्या, त्यांच्या तोंडून ऐकलेलं बरं पडतं. पुढच्या डोसच्या तारखेची वाट पाहू नका, याच आठवड्यात जा.

धामणगावची_लेक
आठव्या महिन्यात झाली होती ताई. उद्याच जाते.

मणकामैत्रीण
मग हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. वेळेआधी झालेल्या बाळाचे महिने डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या मूळ तारखेपासून मोजतात, त्यामुळे कदाचित ती तितकी मागे नसेलही. तरी तपासणी चुकवू नका. जन्माची फाइल सोबत न्या.